शेठच्या बंगल्यातलं लग्न

हिराबाई शेजारच्या ओसाड बंगल्याच्या आवारात शिरण्याआधी जोरात टाळ्या वाजवत. "बाजूला व्हा रं, मी आयलंय!" हे सापांना उद्देशून असे. मग त्या निवांत केळीचा घड उतरवून आणत आणि घरोघर वाटत.

खोपट गावात आम्ही त्यांचेच भाडेकरू. बंगला मुंबईच्या एका शेठचा. तो पाडून तिथे चाळी उठणार, असं आम्ही येण्याआधीपासून बोललं जात होतं. आई डासांना कंटाळून विचारी, "कधी पाडणार हो हे?" हिराबाई म्हणत, "परंल तवा परंल. तवर केली खा."

पुढे ताईचं लग्न शाळेच्या हॉलमध्ये ठरलं आणि ऐनवेळी तिथे परीक्षेचं केंद्र आलं. वडील डोकं धरून बसले. हिराबाई दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, एवरा बंगला मोकला परलाय, न तुमी तोंड पारून बसलाव?"

"अहो, पण मालकाची परवानगी?"

"मालक येल तवा इचारू."

सकाळी त्या जावा-सुनांना घेऊन कोयत्यासकट हजर. संध्याकाळपर्यंत गवत कापून, आवार शेणाने सारवून झालंसुद्धा.

मंगलाष्टकं चालू होती आणि फाटकात शेठचा मुकादम उभा राहिला. मागे पहारी घेतलेले मजूर. "कोणाला विचारून मांडव घातलात?" वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. हिराबाई मात्र अक्षतांचं ताट घेऊन सरळ त्याच्यापुढे गेल्या.

"दादा, बंगला पारवाला आयलाव नं? पारा. पन आदी पोरीवर अक्षता टाका, मंग जेवा."

मुकादमाने ताईकडे पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढल्या. पहारी भिंतीशी टेकल्या. मजुरांची पंगत हिराबाईंनी स्वतः वाढली. जिलबीचा आग्रह व्याह्यांपेक्षा त्यांनाच जास्त झाला. पाडकाम दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

चाळी उठल्या, आमचा वारा अडला. नवी बिऱ्हाडं आली, तेव्हा आम्ही खिडकीतून नुसते बघत राहिलो. हिराबाई पाण्याची कळशी घेऊन निघाल्या. आईची नाराजी पाहून म्हणाल्या, "ही चाल त्यांनी थोरीच बांदलीय? ती रावाला आयलीत."

काही वर्षांनी त्या गेल्या. अंगणात माणसं मावत नव्हती. नव्या चाळीतली एक बाई डोळे पुसत मला म्हणाली, "तुमच्या कोण होत्या?"

"शेजारीण."

"आमच्याही," ती म्हणाली आणि माझ्याजवळ सरकून बसली.