उन्हात मिटणारा डोळा

घरातल्या एका गमतीची किंमत आज कळली: माझ्या पिहूची दोन वर्षं.

मित्रहो, रागात लिहून राहिलो, सांभाळून घ्या. तुम्ही मला ओळखता. मोटार रिवाइंडिंगवाला माणूस, नुसत्या आवाजावरून रस्त्यापलीकडच्या पंपाचं कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो.

पिहू, माझी लेक, सहा वर्षांची. चार वर्षांची होती तेव्हापासून उन्हात आली की एक डोळा मिटते. आम्ही म्हणायचो, "पहा, डोळा मारते!" पाहुणे आले की मीच तिला अंगणात नेऊन दाखवायचो. त्याचे व्हिडिओही इथं ग्रुपवर टाकले, तुम्ही हसलात.

आज शाळेच्या बाईंनी बोलावलं. "फळ्याकडे बघताना हिचा एक डोळा बाहेर, कानाकडे सरकतो." तसाच तिला घेऊन दुर्गला डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "म्हणूनच उन्हात मिटते ती. उशीर केलात. असंच चाललं तर दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघणं सुटेल."

बाहेर येऊन मोठ्या बहिणीला फोन केला. ती म्हणते, "मोठी झाली का जाते आपोआप. पोरीले डॉक्टरकडे कावून नेऊन राहिला? लग्नात लोक नावं ठेवतील."

"ताई, तिले आधी नीट दिसू दे, मंग लग्नाचं पाहू!" म्हणून फोन ठेवला.

तुमचं लेकरू उन्हात एकच डोळा मिटतं का? थकल्यावर डोळा बाहेर जातो का? हसू नका, दाखवून आणा.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता: कोणता डोळा मिटते, डावा की उजवा?

मला सांगता आलं नाही.