पेन्सिलीनं लिहा

केमोच्या वॉर्डाबाहेर माझ्या शेजारी डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. तिच्यापुढे फॉर्म घेऊन पाहणीवाली मुलगी. कोणत्या उपचारावर सरकारनं पैसा घालावा, हे ठरवायला ही माहिती लागते म्हणे.

"मावशी, समजा या दुखण्यासकट तुम्हाला दहा वर्षं मिळणार आहेत. त्याऐवजी ठणठणीत तब्येत मिळाली, तर त्यातली किती वर्षं सोडाल?"

बाई भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी म्हणाली, "एक घ्या." जरा थांबून म्हणाली, "बरं, दोन. पण शेवटची घ्या हं. आत्ताची नको, पोरगी आठवीत आहे माझी."

"अहो मावशी, नुसता प्रश्न आहे. खरंच कोणी घेत नाही."

"असू दे. तरी पेन्सिलीनं लिहा."

मला हसू आलं. मी गणिताची शिक्षिका. 'समजा' म्हणत उदाहरणं घालण्यात माझी हयात गेली, आणि त्या 'समजा'नं कधी कुणाचं काही गेलं नाही. पण ही वर्षं कुठंतरी जाणार, त्यांच्या बेरजा होणार, आणि त्यावरून कुणाचं तरी औषध चालू राहणार, कुणाचं बंद होणार. मग हा नुसता प्रश्न कसा?

मुलगी माझ्याकडे वळली. "मॅडम, समजा..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी तिच्या हाताकडे पाहत होते.

पेन होतं.