माझी झडप दुसऱ्याला देणारे आपा

आपा फिटर गाडी बघण्याआधी तिचा वास घ्यायचे. गाडी चालू करायला लावायचे, सायलेन्सरमागे उकिडवे बसायचे, धुराचा भपकारा हाताने नाकाकडे ओढायचे आणि डोळे मिटायचे. आपल्या बाजारात बांगडा हुंगून तो कालचा की परवाचा हे सांगणाऱ्या बायका असतात. आपा तसेच सांगायचे, तेल जास्त झाले, काजळी साठली, की आत काही झिजले. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मोठ्याने हसलो. डोळे न उघडताच ते म्हणाले, "हसू नको. ही गाडी तू घासाघीस करून घेतलंस. वासच येता."

आणि ते खरे होते. मी मोरजीला गाड्या भाड्याने देतो. एका जुन्या स्कूटरवर धंदा उभा केला, कुणाच्या बापाच्या पैशावर नाही. कुठल्याही वस्तूची किंमत अर्ध्यावर आणल्याशिवाय मला झोप लागत नाही. मायदेशी परतायच्या घाईत असलेल्या एका परदेशी माणसाकडून मी ही टू-स्ट्रोक डर्ट बाईक घेतली. शेतातल्या शर्यतीची गाडी, जुनी पण दिसायला झकास. तो रडकुंडीला येईपर्यंत मी भाव पाडला आणि घरी येऊन मिशीवर ताव दिला. मग ती पळवली, आणि कळले की कोण फसले आहे. खाली गुरगुरायची, वर गेली की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. म्हापशाच्या तीन मेकॅनिकांनी भंगारात घाल म्हणून सांगितले. चौथ्याने मुळगावला आपांकडे पाठवले.

आपा मूळचे बांद्याकडचे. तरुणपणी खाणीवर फिटर म्हणून आले. खाण बंद झाली तेव्हा सगळे परतले, आपा एक जुना लेथ, लोखंड कातायचे यंत्र, घेऊन मुळगावातच राहिले. घरामागे पोफळींच्या सावलीत पत्र्याची शेड, तिच्यात तो लेथ आणि एक मोडकी खुर्ची. खुर्ची गिऱ्हाइकासाठी नव्हती. गिऱ्हाइकाला पुढ्यात रॉकेलची बालदी आणि जुना ब्रश मिळायचा. आपल्या गाडीची काजळी आपण धुवायची, हा त्यांचा नियम. मी दहा पोरांना पगार देणारा माणूस, दोन दिवस दगडावर बसून घासत होतो. संतापाने कानशिले तापली होती. पण मी आवाज चढवला की आपा लेथ चालू करायचे. त्या घरघरीत मी ओरडतोय काय आणि गातोय काय, कुणाला कळणार? मी थांबलो की लेथही थांबायचा.

त्या घासण्यातच मला दुखणे दिसले. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी दोन छोट्या झडपा असतात. गाडी हळू असताना त्या तोंड अर्धे झाकतात, वेग चढला की पूर्ण उघडतात, आणि मग गाडी जी झेप घेते ती घेते. माझ्या झडपांच्या पिना झिजून भोकांत खुळखुळत होत्या. आपांनी एक झडप माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "खाजनाक मानस असता मां? भरतीक मिटूक व्हयी, ओहोटीक उघडूक व्हयी. ती फळी ढिली पडली काय शेतात खारा पाणी." खाडीकाठच्या शेतात पाणी अडवायला-सोडायला ती लाकडी मानस असते, पेडण्यात लहानपणापासून पाहिलेली. इंजिन म्हणजे काय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मग त्यांनी झडपेची कड उजेडात धरली. तिथे नखाएवढी एक जागा चकचकत होती. ढिली झडप खाली लोंबून आतल्या पिस्टनला घासली होती. आणखी थोडे झाले असते, तर झडप तुटून आत पडली असती, इंजिन जागच्या जागी आवळले असते आणि मी हँडलवरून पुढे उडालो असतो.

आपांनी खाणीवरच्या जुन्या पंपाच्या कांस्यातून बुश, म्हणजे त्या झिजल्या भोकांत बसवायच्या बारीक नळ्या, कातले. पिन बुशात सोडायची, ती आपल्या वजनाने हळूहळू उतरली पाहिजे. धपकन पडली तर बाद, अडली तरी बाद. सात पिना बाद केल्या. मी म्हटले, आपा, आता पुरे, आणि मजुरीचे जरा कमी करा. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "कमी करू? किती मिलिमीटर?" मी पुन्हा ब्रश उचलला. गाडीबरोबर आलेल्या सुट्या भागांच्या पेटीत झडपांची आणखी एक जुनी जोडी होती. तीही त्यांनी नवी करून दिली, शर्यतीच्या दिवशी हाताशी असावी म्हणून.

शर्यत होती डिचोलीजवळ, कापणी झालेल्या शेतात. मला ती जिंकायचीच होती. वाळपईचा एक ट्रकवाला होता, त्याच्याकडे माझ्यासारखीच गाडी. चहाच्या टपरीवर चारचौघांत त्याने माझ्या गाडीला मोरजीचे भंगार म्हटले होते. मी म्हटले होते, भंगाराची धूळ खाशील. ते पंचक्रोशीत गाजले होते. हरलो असतो तर पुढली दहा वर्षे टपरीवर तोंड दाखवायची सोय नव्हती.

आम्ही दोघेही अंतिम शर्यतीत पोचलो. गाड्या रांगेला लागायला अर्धा तास होता. आपा सहज त्याच्या गाडीमागून चालत गेले, आणि थबकले. उकिडवे बसले. डोळे मिटले. मी लांबून पाहत होतो. त्यांनी त्याचे इंजिन बंद करायला लावले, झाकण खोलले, आणि त्याला त्याच्या झडपेवर तशीच चकचकीत जागा दाखवली. मग सरळ माझ्या पेटीकडे आले आणि माझी सुटी जोडी उचलून घेऊन गेले. मला विचारलेही नाही.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. झडप माझी, मेकॅनिक माझा, आणि दुरुस्ती दुश्मनाची! शेतात लेथ नव्हता, त्यामुळे माझा शब्द न् शब्द लोकांनी ऐकला. आपांनी मान वर केली नाही. तापलेल्या इंजिनाने बोटे भाजत होती, तरी त्यांनी झडप बसवली आणि पिन हळूहळू उतरते की नाही ते पाहून मगच झाकण लावले.

निशाण पडले. पाच फेऱ्या, तांबडी धूळ, बांधावरून उड्या. पहिल्या चार फेऱ्या मी पुढे होतो. शेवटच्या लांब पट्ट्यावर तो बरोबरीला आला. आम्ही दोघांनी मूठ पिळली आणि दोन्ही गाड्यांच्या झडपा एकाच क्षणी उघडल्या. एकच आवाज झाला! दोन इंजिने, पण कुठली माझी आणि कुठली त्याची मला ओळखू येईना. एकाच हातची कामे ती. अंगावर आजही काटा येतो. असे मी आयुष्यात कधी पळवले नव्हते.

तो अर्ध्या चाकाने जिंकला.

मी हेल्मेट जमिनीवर आपटले आणि आपांसमोर जाऊन उभा राहिलो. ती झडप दिली नसती तर आज मी जिंकलो असतो, म्हणालो. आपा भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होते.

"तो पडलो असतो," ते म्हणाले. "तू जिंकलं नसतंस."

वर्षभर मी मुळगावची वाट धरली नाही. झडपांची काजळी दर महिन्याला स्वतः धुतली. पिना केसभर हलल्या नव्हत्या, याचाही राग यायचा. पुढल्या शर्यतीत मी वाळपईवाल्याला एका चाकाने मागे टाकले. चषक काखोटीला मारून थेट मुळगाव गाठले, तर शेडला कुलूप. शेजारी म्हणाले, आपांना दिसेनासे झाले होते, मुलगा त्यांना गावी घेऊन गेला होता. मी तसाच पत्रादेवीला गोव्याची वेस ओलांडून बांद्याला गेलो.

आपा ओसरीवर खाटेला खिळलेले. मी चषक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, खालचा जोड कच्चा आहे म्हणाले, आणि विचारले, "दुसरो कोण इलो?"

वाळपईवाला, मी सांगितले.

"पडलो नाय मां?"

मी एवढ्या लांबून चषक घेऊन आलो आणि म्हातारा त्याची चौकशी करतो! नाही पडला, एका चाकाने मागे होता, असे मी फणकाऱ्याने म्हटले. आपांचा चेहरा असा उजळला, जणू चषक आत्ता दिला होता. "मगे खरो जिंकलंस," ते म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात आपा गेल्याचा निरोप आला. मोरजीहून बांदा जवळ, वाळपईहून दुप्पट लांब. मी हातातले काम टाकून गाडी जितकी पळेल तितकी पळवली. ओसरीवर पोचलो तर तिरडीची गाठ बांधत वाळपईचा ट्रकवाला बसला होता.