दाढ त्याची, सोयरीक माझी

सन एकोणीसशे बासष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, चीनची लढाई लागायला अजून अवकाश होता, आणि माझ्या घरात भांडण म्हणून जे काही होत असे ते सगळं एकट्या माझ्या आतेभावापायी होत असे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत एवढा बोलणारा माणूस आजवर झाला नाही आणि आता होणारही नाही, कारण आता लोकांना तेवढं ऐकायला वेळ नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला वाढवून लिहिता येत नाही. जे आहे तेच सांगतो. हा माणूस दर्यापुरात आपल्या ओट्यावर बोलायला लागला की समोरच्या लिंबावरचे कावळे उठून दुसऱ्या झाडावर जात.

तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. तेवढ्या एका वर्षाचा मोठेपणा तो असा मिरवी की जणू मला पाळण्यात त्यानेच घातलं. एकदा आम्ही अकोल्याला कापूस घालून एस.टी.ने परत येत होतो. शेजारी एक अनोळखी म्हातारा बसला होता. त्याला हा आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगायला लागला. मूर्तिजापूर आलं, म्हातारा उतरला, आणि गोष्ट काही संपलेली नव्हती, म्हणून हाही त्याच्या मागे बोलत बोलत उतरून गेला. दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन मी एकटा दर्यापूरला आलो. संध्याकाळी हा आला तो माझ्यावरच चिडून. म्हणे, "तू उतरला काहून नाही बे? केवढी गमतीची गोष्ट होती!" मी म्हटलं, "विहिरीत पानी लागलं काय शेवटी?" तर म्हणतो, "तिथपर्यंत कुठं आलो? त्याचं घर आलं ना."

दुसरी खोड म्हणजे लोकांचं निस्तरून देणं. कोणी बोलावलेलं नसलं तरी हा मध्ये पडणार. अकोल्याच्या बाजारात दोन गाडीवान भांडत होते, एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते. हा मध्ये शिरला आणि त्याने दोघांना न्याय असा समजावून सांगितला, असा समजावून सांगितला, की शेवटी त्या दोघांची दिलजमाई झाली आणि दोघांनी मिळून याला धरलं. मी सोडवायला गेलो तेव्हा माझ्या सदऱ्याची बाही गेली. रस्त्याने हा म्हणतो, "पाह्यलं? मिटलं ना भांडन?"

आणि तिसरी खोड औषधांची. बैलाची खांद, बाईची पाठ, पोराचा खोकला, कशालाही त्याच्याकडे पाला होता. लोक मान डोलवत आणि पाला उकिरड्यावर टाकत, म्हणून तालुका सुखरूप राहिला. पण त्या माघात त्याची स्वतःची दाढ दुखायला लागली आणि ऐकणारा रोगी त्याला पहिल्यांदाच भेटला. त्याने दाढेत रुईचा चीक भरला. रात्रीतून उजवा गाल असा वर आला की डोळा बंद. तोंड उघडेना, जीभ हलेना. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. गाल उतरावा म्हणून ठेवली की घरात शांतता झाली म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

नेमकं त्याच दिवशी आम्हाला अंजनगाव सुर्जीला जायचं होतं. तिथल्या एका पानमळेवाल्याची मुलगी मला सांगून आली होती. मोठ्या माणसांनी ती पाहिली होती, पसंत केली होती. मुलीचा बाप आमच्या घरी येऊन गेला तेव्हा मी बैलबाजारात होतो, त्यामुळे त्याने घर पाहिलं, गोठा पाहिला, मला नाही पाहिलं. आता मुलाने मुलगी पाहायची तेवढी राहिली होती. त्या काळी याची रीत अशी की मुलगा एकटा जात नसे. सोबतीला भाऊ नाही तर मित्र घ्यायचा आणि दोघांनी नुसतं पाहुणे म्हणून जायचं. यातला नवरदेव कोणता, हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. विचारणं म्हणजे हलकेपणा. घरातल्या बायांना ते आपोआप कळे. मान खाली घालून बसतो, विचारलं तर हूं म्हणतो, दुसऱ्यांदा वाढायला आले की ताटावर हात आडवा धरतो, तो नवरदेव. आणि त्याच्या वतीने जो बोलतो तो सोबती. सोयरीक सुचवणारा मध्यस्थ आमच्यासोबत असायचा होता, पण त्याची एस.टी. चुकली. आतेभावाला मी म्हटलं, तू घरी राहा. त्याने बोटाने आपली छाती ठोकली आणि बैल जुंपलेल्या दमणीत चढून बसला.

पुढचं सांगायची गरज आहे काय? पण सांगतो. मी मान खाली घालणारा माणूस नाही. तेव्हाही नव्हतो. मुलीचा बाप म्हणाला की पानमळ्यासारखी शेती नाही, आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "काका, मांडव घालून, पाणी पाजून, लेकरावानी वेल सांभाळायची, याले शेती म्हनत नाही. कापूस पाहा, आभाळाखाली उभा राहते." ते म्हणाले, "आन आभाळ नाही आलं की बसते!" मी म्हटलं, "बसते, पण कोनाच्या आधारानं नाही बसत." असं आमचं चांगलं पेटलं. शेजारी माझा आतेभाऊ जन्मात पहिल्यांदा गप्प, गालाला उपरणं लावून, मान खाली. ताटात पुरणपोळी आली तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने हात आडवा धरला. दाराआडून बांगड्या वाजल्या. मला वाटलं माझ्या बोलण्याला दाद मिळून राहिली.

मुलगी पाणी घेऊन आली. उंच, सावळी, हाताला मळ्यातल्या कामाचे चरे. तांब्या माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "पानी घ्या, मंग भांडा." एवढंच. बापाला हसू आलं, मला नाही आलं. मी पाणी घेतलं आणि मग मला भांडता आलं नाही. येताना दमणी मी हाकली की बैल आपसूक आले, मला सांगता येणार नाही. मला ती पाहिजे होती. घरी मी "ठीक आहे" म्हटलं, आणि माझ्या तोंडून ठीक आहे निघालं म्हणून आईने शेजारी साखर वाटली.

आठवड्याने मध्यस्थ आला तो पडलेल्या तोंडाने. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "ते नाही म्हनून राहिले. पोरगी म्हनते, मुक्या मानसासंग जलम कसा काढू?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "याले मुका म्हनते? या पोट्ट्याच्या तोंडापायी तर गावात आमाले कोनी पंगतीत शेजारी बसू देत नाही!"

माझा आतेभाऊ तिथेच होता. दाढ त्याने मध्यंतरी अमरावतीला जाऊन काढून आणली होती, डॉक्टरला ती कशी काढायची हे समजावून देऊन. त्याला एकदम उमज पडली आणि तो खांबाला धरून हसायला लागला. "मामा, त्याहीनं मले नवरदेव समजलं! मी चूप बसलो होतो ना!"

मी उठून त्याच्या अंगावर गेलो. बाबा मध्ये पडले. सगळे म्हणाले, उलट बरं झालं, नकार तुला नाहीच, जा आणि सांगून ये. मी म्हटलं, मी जाणार नाही. एवढा वेळ समोर बसलो, बोललो, जेवलो, आणि ज्यांना मी दिसलोच नाही त्यांच्या दारी 'नवरदेव मी आहे' म्हणून हात वर करायला काहून जाऊ? माझं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"मंग मी जातो," आतेभाऊ म्हणाला. "माह्यापायी झालं, मी निस्तरतो."

तो सकाळच्या पहिल्या गाडीने गेला आणि दिवे लागले तरी आला नव्हता. आला तो हातात पानांची करंडी घेऊन, तोंड लालभडक. "झालं काम! सकाळी बसलो ते आता उठलो. मुका असं नाव काढनार नाही कोनी. पोरगी दाराआडून हसत होती भाऊ, इतली हसत होती का तिची माय तिले रागावली." मी विचारलं, "सगळं सांगून आला ना?" तो म्हणाला, "सगळं." दोन दिवसांनी मध्यस्थ होकार घेऊन आला. ते लोक आता फार खूश होते. म्हणे, मुलगा इतका बोलका, दाढ दुखत होती म्हणून चूप बसला बिचारा.

मध्यस्थाने हे बोललेलं तसंच्या तसं आम्हाला सांगितलं आणि आम्ही ऐकलं. कोणालाही त्यातला खडा लागला नाही. आनंदात माणूस दगडही चावून खातो.

सुपारी फोडायच्या दिवशी आम्ही दोन दमण्या आणि एक खाचर करून अंजनगावला गेलो. मांडवाखाली सतरंजीवर मी, शेजारी आतेभाऊ, पलीकडे बाबा. समोर पाटावर ती, डोक्यावर पदर. मुलीचा बाप कुंकवाचं ताट घेऊन आला, हसत वाकला, आणि त्याने माझ्या आतेभावाच्या कपाळावर बोटभर कुंकू ओढलं.

आतेभावाचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला, कारण शुभाचं कुंकू पुसत नसतात. बाबा ओरडले, "अहो, पोरगा हा नाही, हा इकडला!" मुलीच्या बापाने ताट खाली ठेवलं.

मी आतेभावाकडे वळलो. "सगळं सांगून आला होता ना बे?"

तो म्हणाला, "सांगतलं ना, मुका नाही म्हनून. मंग चहा आला, मंग पानाचा इषय निघाला. नवरदेव मी नाही, हे सांगाचंच राहिलं गड्या."

सकाळपासून दिवे लागेपर्यंत बोललेल्या माणसाचं एक वाक्य राहिलं! तेवढं एकच. ते खरंच राहून गेलं, की दाराआड कोणीतरी हसत होतं म्हणून त्याने राहू दिलं, हे मी त्याला जन्मभर विचारलं नाही.

मुलीचा बाप खाली बसला. म्हणाला, "माय, तूच सांग आता. तू कोनाले हो म्हटलं होतं?"

तिने पदर मागे घेतला आणि सरळ बोलली. "बाबा, मी हसवनाऱ्याले हो म्हटलं. हे दुसरे पाहुणे मले वाईट नाही वाटले. पन दोन भांडखोर एका घरात कशे नांदतीन? एक तर मीच आहो."

बायकांत कोणीतरी हसलं आणि लगेच चूप झालं. आतेभाऊ उठून उभा राहिला. "मामाच्या घरची सोयरीक आहे. मी हिच्याकडे मान वर करून पाहनार नाही. हा म्हनीन तसं." आणि मग तो बसला, आणि कुंकू लावलेल्या कपाळाने सतरंजीकडे पाहत राहिला. आता दाढ नव्हती, गाल नव्हता, तरी तो बोलेना. मुलीचा बाप माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "पाहुणे, कुंकू लागलं आन मोडलं, असं झालं तर माह्या पोरीले पुन्हा कोन करीन?"

मी वहाणा घातल्या, दमणी जुंपली आणि एक शब्द न बोलता घरी आलो. माझ्यामागे सगळे आले. सुपारी तशीच ताटात राहिली. संध्याकाळी बाबा फक्त एवढं म्हणाले, "तू बोलल्याबिगर तुही आत्या त्या पोरीसाठी बोलनार नाही, आन तिचं पोरगं तर नाहीच नाही." मी जेवलो आणि झोपलो.

लोक मला म्हणतात, तुम्ही त्याच्यावर एवढे चिडता, मग त्याचं एवढं काहून सांगता? चिडलो होतोच. त्या दिवाळीच्या सुमाराला लढाई लागली तेव्हा हा रेडिओच्या दुकानासमोर उभा राहून बातम्या सांगणाऱ्याला उत्तरं द्यायचा. मी म्हटलं होतं, सरकारने याला एकट्याला बर्फात नेऊन उभा करावा, चिनी लोक ऐकून ऐकून आपणहून परत जातील. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं, तेही त्याने मध्ये पडून जवळजवळ मोडलंच होतं. आता तो गेला. मी अजूनही त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, वहिनी चहा देतात, आम्ही दोघं कापसावरून आणि पानावरून थोडं भांडतो. पण आमच्या भांडणात मध्ये पडायला कोणी उठत नाही, म्हणून ते लवकर संपतं.

त्या वेळी मात्र सुपारी ताटात ठेवून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी उठलो, बैल धुतले, धुतलेलं धोतर नेसलो आणि घरात कोणाला न सांगता अंजनगावला गेलो. मुलीचा बाप मळ्याच्या कुडाशी एकटा उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. मी म्हटलं, "काका, मुलाच्या मामाच्या घरून आलो. आमच्या आत्याबाईच्या पोरासाठी तुमची पोरगी मागून राहिलो." मग मी बैल सोडले, त्यांना त्यांच्याच गव्हाणीला बांधलं, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून ओसरीवर जाऊन बसलो.