टाकीचं झाकण

नानाखेड्याजवळच्या आमच्या घराची सेप्टिक टाकी बाबांनी स्वतः समोर उभं राहून बांधून घेतली होती. नोकरी बँकेत, पण टाकीच्या बाबतीत तोरा इंजिनियरचा. टाकी घराएवढी टिकते, फक्त गाळ वेळेवर उपसायला हवा, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. दर वर्षी झाकण उघडून, बांबूला पांढरं फडकं गुंडाळून ते गाळ मोजायचे. आम्ही भावंडं नाक दाबून पळायचो.

मग धाकट्याची मुंज ठरली आणि आईने मागच्या अंगणात कोटा फरशी बसवून घेतली. झाकणही तिच्याखाली गेलं. "खूण माझ्या डोक्यात आहे," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. असला गाढवपणा आमच्याच घरात व्हायचा.

पुढे केबल आली, टावरजवळच्या दुकानातून हप्त्याने वॉशिंग मशीन आलं, आणि एक दिवस संडासाचं पाणी वर चढलं. मी तेव्हा माहेरी आले होते. गाळ खेचणारी गाडी दारात, तिचा पाइप अंगणात, आणि झाकणाचा पत्ता नाही.

बाबांनी काठीने पेरूखालची फरशी दाखवली. मजुराने ती फोडली. "बाबूजी, यहाँ तो मिट्टी ही मिट्टी है." मग भिंतीजवळची फोडली. मग धुण्याच्या दगडापाशी. प्रत्येक वेळी बाबा ठामपणे म्हणत, "यहीं है." मला काही कळेना. मोजमापाचा इतका पक्का माणूस असं काय करतोय? आई पायरीवर गप्प बसून होती, तेही कळेना. शेवटी माझा पारा चढला. "बाबा, एकदा नक्की सांगा ना!"

तेवढ्यात आई उठली. "अहो, नळापासून सहा पावलं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"तेच तर सांगतोय केव्हापासून!" बाबा खेकसले.

सहा पावलांवरची फरशी उचलली आणि खाली झाकण होतं. बाबांचा चेहरा खुलला. "टंकी पक्की है, कुछ नहीं होगा इसको," असं ते मजुराला समजावू लागले.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला माहीत होतं? मग तीन फरश्या कशाला फोडू दिल्यास?"

"वाटलं, त्यांना आठवेल. दर वेळी वाटलं, आता आठवेल."

"अगं, विसरतो माणूस. त्यात काय एवढं?" मी म्हणाले. मला खरंच काही समजलं नव्हतं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आई चहाचं आधण ठेवत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"काल संध्याकाळी मला म्हणाले, बाई, उशीर झाला. आता निघा, तुमच्या घरचे वाट बघत असतील."