फूलवालीचा हात

इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर बसणारी फूलवाली गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक समजतच नसे. तिच्या लेखी आम्ही सगळ्या अर्जदार. फुलाला बोट लावलं की खेकसायची, वास घ्यायला नाक जरा खाली नेलं की टोपलीवर ओला फडका ओढायची, आणि घासाघीस केली तर ठरलेलं उत्तर : "बेकाद्रे तगोळ्ळी, इल्लांद्रे बिडी." हवं तर घ्या, नाहीतर चालू लागा. ब्याण्णव साली नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्याहून इथं कानडी मुलखात आले, तेव्हा कानडीतलं पहिलं अख्खं वाक्य मी शिकले ते हेच.

इथं गजरा मोळावर मिळतो. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. कोणाचा? अर्थात विकणारीचा! आणि ही तर टोपलीमागं मुटकुळं करून बसलेली एवढीशी बाई. माझ्या पुणेरी डोक्यानं पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, की ही आखूड हाताची बया सगळ्या गल्लीला लुबाडते आहे.

त्यात पुढच्या चैत्रात सासूबाई राहायला आल्या. चार दिवसांत त्यांनी मी आणलेली भाजी, नारळ, दूध सगळं तपासलं आणि शेजारणींसमोर एकच शेरा मारला, "हिला ना, कुणीही गंडवतं." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, कॉलनीतल्या वीस-बावीस बायका यायच्या होत्या, प्रत्येकीला वीतभर गजरा द्यायचा होता. म्हटलं, आज या फूलवालीला सासूबाईंच्या देखतच सरळ करते. एकदा कळू दे त्यांना, सून काय चीज आहे ती!

फूलवालीनं दहा मोळ मोजायला हात उचलला आणि मी तिला तिथंच थांबवलं. "अक्का, तुमचा हात तो केवढा! माझ्या हातानं मोजा." निम्मी मोडकी कानडी, निम्मी हिंदी, तोरा मात्र अख्खा पुण्याचा. ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?" तिनं दोनदा विचारलं. झालं, माझी खात्रीच पटली. पकडली गेली म्हणून चुळबुळते आहे! "नक्की म्हणजे नक्की. दहाच्या दहा!" असं म्हणून मी हात पुढं केला.

तिनं निवांतपणे माझ्या कोपराला आपलं कोपर लावलं आणि हाताला हात टेकवला. तिची बोटं माझ्या बोटांच्या पुढं गेली. थोडीथोडकी नाही, चांगली तीन बोटं पुढं.

शेजारचा केळीवाला खो खो हसला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. खरं तर तेव्हाच "सरी, सरी, बरं बाई, तुमच्याच हातानं द्या" म्हणून मोकळं व्हायचं. पण नाही! ठरलं ते ठरलं, म्हणाले. मग त्या बाईनंही माझा मान राखला आणि माझ्या हातानं काटेकोर दहा मोळ मोजून दिले, एक कळी इकडची तिकडं नाही.

संध्याकाळी गजरे कमी पडले. सासूबाईंनी स्वतःचा अंबाडा गजऱ्याविना ठेवला, तरी दोघी आंब्याची डाळ खाऊन, पन्हं पिऊन तशाच गेल्या. उरलेल्यांना सासूबाईंनी सगळी हकिगत रंगवून सांगितली आणि वर म्हणाल्या, "बाजारात हिला सगळे गंडवतात ना, आज हिनं त्यांना तेवढाही त्रास दिला नाही." बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले, आणि पन्हं आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. फार लागलं मला ते.

आठवडाभर मी पलीकडच्या रस्त्यानं ये-जा केली. पण पुन्हा शुक्रवार आला, गौरीला फुलं हवीच होती, आणि पिशवी धरायला सासूबाई उत्साहानं बरोबर निघाल्या. फूलवालीनं माळेचं टोक उचललं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "यार कै?" कोणाचा हात?

"निम्दे," मी टोपलीकडे बघत म्हणाले. तुमचाच.

तिनं दोन मोळ मोजले, आणि फुलांना हात लावू नका म्हणून नेहमीसारखी खेकसली. मी लावलाच नव्हता.