जीव वाचला, तरी तक्रार का केली?

मागच्या मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा प्रांतसाहेबांसमोर उभी राहिले. सोबत माझ्या सासूबाई. मेंढरं शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो होतो...

बऱ्याच जणांचे फोन आले, नेमकं काय झालं म्हणून. तर सगळं इथंच सांगते.

आमचं घर मेंढपाळाचं, शिरूर कासार तालुक्यातलं. गावच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा ठेकेदारानं रस्त्याला लागूनच मुरूम उकरला. काम संपलं, मशीन गेली, खड्डा तसाच राहिला आणि पावसात तुडुंब भरला. आमच्या भागात पाणी दिसलं की जनावरं तिकडंच ओढ घेतात.

त्या दिवशी मी आणि सासूबाई मेंढरं घेऊन तिथून चाललो होतो, तेव्हा एक कोकरू काठावरून घसरलं. त्याला धरायला मी वाकले आणि पायाखालचा मुरूमच सुटला. काठ भिंतीसारखा सरळ... जिथं हात घालीन तिथली माती हातात येत होती. मला पोहता येत नाही.

पुढचं तुटक तुटक आठवतं. नाकातोंडात पाणी, मग काही ऐकूच येईना. सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, काठावर पालथं पडून अंगावरच्या घोंगडीचं टोक माझ्याकडं फेकलं. रस्त्यानं चाललेल्या एका मोटारसायकलवाल्यानं त्यांचे पाय घट्ट धरले, म्हणून त्या आत आल्या नाहीत आणि मी बाहेर आले. कोकरू मात्र गेलं.

फुप्फुसात पाणी गेलं होतं. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी नियमाप्रमाणं पोलिसांना कळवलं. ते जबाब घ्यायला आले तेव्हा धड बोलता येत नव्हतं, तरी खड्डा कुणी खणला एवढं मी सांगितलंच. माझ्या नवऱ्यानं तोवर खड्ड्याचे फोटो काढून ठेवले होते... ना कुंपण, ना साधी पाटी.

घरी आल्यावर ठेकेदाराचा माणूस आला. कोकराची भरपाई देतो, जबाब मागं घ्या म्हणाला. भावकीतल्या थोरल्या मंडळींनाही ते पटलं. जीव वाचला ना, मग केस कशाची, असं सगळ्यांचं म्हणणं. नवऱ्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "जीव तुझा चाललता. तूच ठरीव, आमी हाईत."

मी ठरवलं. बाईला कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळतो हे बचत गटाच्या मीटिंगमध्ये ऐकलं होतं. तालुक्याच्या कोर्टात जाऊन अर्ज दिला आणि खरंच एक वकील मॅडम मिळाल्या.

मी त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला... कुणी मेलं नाही, तर केस होते का? त्या म्हणाल्या, होते. निष्काळजीपणानं कुणाचा जीव धोक्यात घातला तर तोसुद्धा गुन्हाच, त्यासाठी माणूस मरावा लागत नाही. दवाखान्याच्या खर्चाची आणि झालेल्या त्रासाची भरपाई हवी असेल तर त्याचा दावा वेगळा, आणि त्याला मुदत असते, म्हणून रेंगाळायचं नाही.

आणि तिसरा रस्ता प्रांतसाहेबांकडचा. रस्त्याकडेचा खड्डा लोकांना धोक्याचा असेल तर त्याला कुंपण घाला, असा हुकूम ते काढू शकतात. मला हा रस्ता सगळ्यात आधी धरायचा होता... कारण मेंढरं घेऊन रोज तिथूनच जायचं होतं.

अर्ज केला. तलाठी येऊन पाहणी करून गेले. ठेकेदाराला कुंपण घालायचा तात्पुरता हुकूम आणि नोटीस गेली. त्यानं हरकत घेतली आणि मंगळवारची तारीख लागली.

त्याच्या वकिलाचं म्हणणं असं की पोहता येत नाही तर बाईनं पाण्याजवळ जायचंच नव्हतं. शिवाय बाई तर समोर धडधाकट उभी आहे, मग धोका कुठला? पण मी सांगितलं, मी पाण्यात उतरले नाही, काठ सुटला म्हणून पडले, आणि तो काठ रस्त्यापासून हाकेवरसुद्धा नाही, अगदी लागून आहे. मॅडमनी फोटो पुढं ठेवले.

साहेबांनी आत्याबाईंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. आत्याबाई कधी कुठल्या ऑफिसात बोललेल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सायेब, त्या दिशी मी हुते म्हणून ही वाचली," त्या म्हणाल्या. "आता काय मी रोज तिथंच बसून राहू का?"

ठेकेदाराचा वकील हातातले कागद चाळत राहिला... साहेबांनी हुकूम कायम केला. कुंपण घालायचं आणि काठ उतरता करायचा, दोन्ही.

बाहेर आल्यावर ठेकेदाराचा माणूस मागं आला. कुंपण लगेच घालतो, तेवढी पोलिसातली तक्रार सोडा म्हणाला. मी म्हटलं, कुंपण साहेबांच्या हुकमानं होणार आहे, त्याचा तक्रारीशी संबंध नाही. आवाज अजिबात कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

आज सकाळपासून खांब रोवायचं काम सुरू आहे. पोलिसांचा तपास चालू आहे, भरपाईचा दावाही मॅडम तयार करताहेत. निकाल काय लागेल ते बघू, पण मी मागं हटणार नाही.

त्या अनोळखी मोटारसायकलवाल्या दादाला, डॉक्टरांना, वकील मॅडमना मनापासून धन्यवाद. आत्याबाईंना काय म्हणू... त्यांच्यासाठी शब्दच नाहीत.

आणि जे अजून विचारतात, एवढं कशाला करायचं, त्यांना एकच सांगते. बुडालेल्या माणसाला तक्रार करता येत नाही. ती वाचलेल्यानंच करायची असते.